फंडवाले आणि पेन्शनवाले

संभाजीनगरहून जालन्याकडे जाणारी गाडी चिकलठाणा मागे टाकते आणि बदनापूर यायच्या आधी करमाडला येते. हा लोहमार्ग सव्वाशे वर्षांचा आहे. मनमाडपासून हैदराबादेपर्यंत मीटरगेजचे रूळ पडले ते 1900 च्या आगेमागे. कंपनीचे नाव हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. पुढे हा मार्ग निजाम सरकारच्या मालकीचा झाला, 1 एप्रिल 1950 ला केंद्र सरकारकडे आला, 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेला आणि 2 ऑक्टोबर 1966 पासून दक्षिण मध्य रेल्वेचा झाला. पाट्या बदलल्या, टोप्यांवरचे बिल्ले बदलले. रुळाची चावी ठोकत जाणारा चावीवाला, काटे बदलणारा पॉइंट्समन आणि खिडकीमागचा स्टेशनमास्तर मात्र होते तिथेच राहिले. या माणसांसमोर 1957 साली एक कागद आला. म्हातारपणासाठी फंड हवा की पेन्शन, ते कळवा, असे त्यात विचारले होते. हा प्रश्न आज पीपीएफ, ईपीएफ, एनपीएस, अटल पेन्शन अशी नवी नावे घेऊन घरोघर विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा व्याजदरांच्या तक्त्यात शोधले जाते. रेल्वेच्या त्या जुन्या कागदाचा इतिहास पाहिला तर तक्ता चुकीच्या जागी पाहायला लावतो असे दिसते. खाते निवडणारा खरे तर व्याज निवडत नसतो. पुढची महागाई आणि आपले लांबलेले आयुष्य यांचे ओझे कुणी वाहायचे, हे तो ठरवत असतो. आणि तसे कुणी त्याला सांगत नाही.

म्हातारपणाची सोय ही कल्पना मराठवाड्याला इंग्रजांनी किंवा रेल्वेने शिकवली असे मात्र नाही. लढाईत कामी आलेल्याच्या पोराबाळांना बालपरवेशी म्हणून जमीन किंवा नेमणूक देण्याची रीत मराठेशाहीत होती. वतन आणि इनाम हेही एका अर्थाने पिढीजात पेन्शनच. निजामाच्या राज्यात मनसबी होत्या, आणि 1907 साली सरकारी नोकरांसाठी कुटुंब-पेन्शनचा फंड निघाला, त्याचाच पुढे 1913 मध्ये राज्याचा आयुर्विमा फंड झाला. या साऱ्यात एक गोष्ट समान होती. देणारा दरबार होता आणि घेणाऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. मिळेल ते, मिळेल तोवर. दरबार गेला की मिळणेही गेले. 1949 मध्ये हैदराबादेत जहागिऱ्या रद्द झाल्या तेव्हा कित्येक घराण्यांना ते कळले. साध्या नोकरदारालाही त्याची झळ बसू शकली असती. सात हाली (निजामी) रुपये म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानी) असा हिशेब चालणाऱ्या राज्यातला माणूस 1956 साली मुंबई राज्यात आला, तेव्हा त्याच्या सेवाशर्ती त्याच्या नुकसानीच्या दिशेने केंद्राच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत, असे राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात मुद्दाम लिहावे लागले. लिहावे लागले, यातच भीती किती खरी होती ते आले.

रेल्वेची तऱ्हा निराळी. तिथे पेन्शन नव्हतेच, फंड होता. नोकराच्या पगारातून दरमहा काही कापायचे, तेवढेच रेल्वेने घालायचे, वर व्याज, आणि नोकरी सुटताना सगळे एकरकमी हाती द्यायचे. 16 नोव्हेंबर 1957 ला रेल्वेने पेन्शन योजना आणली. त्या दिवसापासून लागणाऱ्यांना पेन्शनच. पण 1 एप्रिल 1957 ला जे नोकरीत होते त्यांना विकल्प दिला. फंडात राहा, किंवा रेल्वेने घातलेला फंडाचा वाटा सोडून पेन्शन घ्या. देशभर हजारो जणांनी फंड पसंत केला. करमाडच्या मार्गावर कुणी काय पसंत केले याचा हिशेब इथे करायचा नाही. कागद सगळीकडे तोच होता.

आज मागे वळून त्या लोकांना अडाणी म्हणणे फार सोपे आहे, आणि तितकेच चूक आहे. 1957 चे वर्ष डोळ्यांपुढे आणा. पेन्शन ठरायचे शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी पगारावर, म्हणजे शेवटी शेवटी पगार वाढला तरी सरासरीत तो पातळ व्हायचा. एकदा ठरलेला आकडा महागाईबरोबर वाढेल अशी कुठलीही हमी नव्हती. माणूस गेल्यावर बायकोला आयुष्यभर काही मिळेल अशी व्यवस्थाही नव्हती. ती कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली 1964 मध्ये. निवृत्ती बहुतेकांची पंचावन्नाव्या वर्षी. आणि 1951 च्या जनगणनेच्या सुमारास देशातले सरासरी आयुर्मान होते 32 वर्षे. (हा आकडा बालमृत्यूंमुळे इतका खाली आहे, पंचावन्न गाठलेला माणूस पुढे बरीच वर्षे जगे, ही गोष्ट खरी, पण गावात आजूबाजूला साठीपलीकडचे पुरुष किती दिसतात, यावरूनच माणूस अंदाज बांधतो.) अशा वेळी एका बाजूला रोख रक्कम, तिच्यात मुलीचे लग्न, कर्जफेड, दोन खण वाढवायचे घर किंवा चार एकर जमीन, दुसऱ्या बाजूला जगलो तरच मिळणारे, न वाढणारे, मरणाबरोबर संपणारे मासिक पैसे. हाती असलेल्या माहितीवर फंड निवडणारा शहाणाच होता.

मग सरकारने पेन्शनचीच घडण बदलली. कुटुंब निवृत्तिवेतन आले. तिसऱ्या वेतन आयोगानंतर पेन्शनला महागाईची जोड मिळाली. सरासरी छत्तीस महिन्यांऐवजी दहा महिन्यांची झाली. आणि नेमक्या याच काळात फंडाच्या रकमेखालची जमीन सरकली. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची 1960 ची मालिका 1982 च्या मालिकेशी जोडताना सरकारने जो गुणक वापरला तो 4.93, म्हणजे बावीस वर्षांत भाव जवळपास पाचपट. 1982 ची मालिका 2001 शी जोडली तो गुणक 4.63, आणि 2001 ची 2016 शी जोडली तो 2.88. तिन्हींचा गुणाकार केला तर 1960 मध्ये शंभर रुपयांत येणारा किराणा 2016 मध्ये साधारण साडेसहा हजारांचा झाला. व्याजाने ही दरी भरली का? कर्मचारी भविष्य निर्वाह निधीवर 1952 साली 3 टक्के व्याज होते आणि 1973–74 मध्ये 6 टक्के. त्या वर्षी भाव वीस टक्क्यांहून जास्त वेगाने चढत होते. 1960 च्या दशकात फंड घेऊन घरी गेलेला माणूस सत्तरीत शिरला तेव्हा त्याच्या रकमेची खरी किंमत निम्म्याहून खाली आलेली होती, आणि शेजारचा पेन्शनवाला महागाईभत्त्याची वाढ घेत होता. दोघांची नोकरी तीच होती, पगारही तोच. फरक एका सहीचा.

सरकारला हे दिसत होते. म्हणूनच पेन्शनमध्ये सुधारणा होत गेली तसतसा, 1957 पासून 1987 पर्यंत, रेल्वेने फंडवाल्यांना बारा वेळा नव्याने विकल्प दिला. शेवटच्या खेपेला, चौथ्या वेतन आयोगानंतर, तर उलटे केले: 1 जानेवारी 1986 ला जे नोकरीत होते ते मुकाट पेन्शनमध्ये आले असे धरले, आणि ज्याला फंडच हवा त्याने तसे लिहून द्यायचे. या उलट्या कागदाचे महत्त्व मोठे आहे. तीस वर्षे सरकार म्हणत होते, तुझे तू ठरव. शेवटी त्यानेच मान्य केले की सामान्य नोकराला हे ठरवता येत नाही, तेव्हा न ठरवणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी रचना आपणच करावी. पण हे औदार्य नोकरीत असलेल्यांपुरते. प्रत्येक वेळी एक तारीख असायची, आणि त्या तारखेच्या आधी निवृत्त झालेला माणूस दाराबाहेर.

दाराबाहेर राहिलेल्यांची बाजू 1990 साली सर्वोच्च न्यायालयात कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मांडली गेली. त्यांच्या हाती एक भक्कम आधार होता. 17 डिसेंबर 1982 च्या नकारा खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले होते की पेन्शन ही खिरापत नव्हे, तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. तोच न्याय आम्हाला लावा, असे फंडवाल्यांचे म्हणणे. घटनापीठाने ते नाकारले. पेन्शनर आणि फंडवाला हे एकाच वर्गातले नव्हेत, पेन्शनरांशी सरकारचे नाते निवृत्तीनंतरही चालू राहते, फंडवाल्याची रक्कम दिली की सरकारची जबाबदारी तिथे संपते, असा निकालाचा गाभा. कायद्याच्या अंगाने हा युक्तिवाद नेटका आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक विधानही तेच आहे. फंड आणि पेन्शन यांतला खरा फरक न्यायालयाने एका वाक्यात सांगितला: पहिल्यात जबाबदारी संपते, दुसऱ्यात ती चालू राहते. हे वाक्य 1957 च्या कागदावर असते तर किती जणांनी फंडावर सही केली असती? पुढे 1997 च्या नोव्हेंबरपासून अशा जुन्या फंडवाल्यांना दरमहा 600 रुपये सानुग्रह मिळू लागले. सानुग्रह म्हणजे हक्क नव्हे, कृपा. नकारा निकालाने मोडीत काढलेला शब्द मागच्या दाराने परत आला.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. रक्कम हाती घेणाऱ्याने ती बँकेतच ठेवावी असे कुठे लिहिले होते? 1957 मध्ये नव्वद रुपयांच्या आसपास असलेले तोळाभर सोने 1990 मध्ये तीन हजारांच्या पुढे गेले होते. त्याहून जवळचे उदाहरण करमाडचेच. कोरडवाहू म्हणून कवडीमोल समजली जाणारी इथली जमीन शेजारच्या शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आली, 2001 मध्ये मोटारीचा कारखाना सुरू झाला, मग दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातून ऑरिक नगरीसाठी करमाड–लाडगाव परिसरात भूसंपादन झाले, तेव्हा कुठल्या कुठे गेली. फंडाच्या पैशांत जमीन घेऊन ठेवणारा कुठल्याही पेन्शनरापेक्षा सुखात निघाला असता. निघालाही असेल. पण हा विजय खात्याचा नाही, शेंद्र्याचा आहे. तीच जमीन पंधरा-वीस कोस पलीकडे घेतली असती तर कारखाना आला नसता, आणि आला तो निवृत्तीनंतर चाळीस वर्षांनी, म्हणजे भोगला नातवाने. म्हातारपणाला महिन्याच्या महिन्याला औषध लागते, किराणा लागतो. जमिनीचा तुकडा मोडून महिन्याचा किराणा आणता येत नाही. आणि भूसंपादनाने मोबदला मिळाला तेव्हा शेतकरी पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला जिथे 1957 चा पॉइंट्समन उभा होता: एकरकमी पैसा हातात, दरसालचे उत्पन्न बंद, पुढची महागाई ज्याची त्याने पाहायची. फरक इतकाच की त्याला विकल्पाचा कागदही आला नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. जबाबदारी चालू राहते म्हणजे पैसा कुणाचा तरी जातो. आणि ज्या शेतमजुराला स्वतःला काही मिळत नाही तोही काडेपेटीवर कर भरतो, त्यातून सरकारी नोकराचे पेन्शन द्यायचे, हा कुठला न्याय? याच हिशेबाने महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुने पेन्शन बंद केले. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्याचे कर्मचारी 14 ते 20 तारखेपर्यंत संपावर गेले तेव्हा गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर हाच आक्षेप ऐकू येत होता. तो खोटा नाही. पण तो आक्षेप पेन्शनच्या तत्त्वावर नाही, ते काहींनाच मिळते यावर आहे. 2005 नंतर ओझे नाहीसे झाले नाही, ते तिजोरीच्या खांद्यावरून शिक्षकाच्या आणि तलाठ्याच्या खांद्यावर गेले. जुन्या पेन्शनऐवजी आलेल्या एनपीएसमधून निवृत्त होणाऱ्या सरकारी नोकराला जमा रकमेच्या किमान 40 टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक रक्कम विकत घ्यावी लागते, आणि ती रक्कम साधारणतः ठरलेलीच राहते, भावाबरोबर वाढत नाही. म्हणजे नाव पेन्शन, स्वभाव फंडाचा. हे ध्यानात आल्यावरच ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली: पंचवीस वर्षे नोकरी झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, त्यावर महागाईची वाढ. राज्याच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिला मान्यता दिली. आणि पुन्हा विकल्प, पुन्हा मुदत. केंद्राच्या सुमारे 23 लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती घेतली. ज्यांनी बारा विकल्पांचा इतिहास वाचला असेल, ते थांबले यात नवल नाही. पुढचा कागद याहून बरा येईल असेच त्या इतिहासाने शिकवले आहे.

आता करमाडच्या आजच्या बहुसंख्यांकडे येऊ. शेंद्र्याच्या पाळीला जाणारा तरुण ना रेल्वेचा आहे ना सरकारचा. त्याच्या पगारचिठ्ठीवर ‘पीएफ’ असा एकच रकाना असतो, पण त्यामागे दोन खाती आहेत, आणि हे ठाऊक असलेले थोडे. पगार पंधरा हजार धरला तर त्याचे 1,800 रुपये कापले जातात, ते सगळे फंडात. मालक 1,800 घालतो, त्यातले 550 फंडात आणि 1,250 पेन्शनच्या खात्यात, म्हणजे 16 नोव्हेंबर 1995 पासून चालू असलेल्या ईपीएस-95 मध्ये. एकाच माणसाच्या नावावर फंड आणि पेन्शन दोन्ही. 1957 चा झगडा एका चिठ्ठीत मिटवलेला. पण पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. कंत्राटी तरुण दोन-तीन वर्षांत ठेकेदार बदलतो, मधल्या बेकारीत ‘फंड काढतो’, आणि त्याच दमात 10सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे उचलत आला आहे. तीन वर्षांचे 45 हजारांच्या आसपास मिळतात. घडी पुन्हा शून्यावर. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येते, सेवा पुढे जोडली जाते, हे त्याला सायबर कॅफेवाला सांगत नाही.

इथे तक्तेवाले म्हणतील, आणि त्यांचे गणित बरोबर आहे, की तीन वर्षांच्या सेवेचे पेन्शन, 15,000 गुणिले 3 भागिले 70, म्हणजे महिना 643 रुपये, तेही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. तेच 45 हजार पीपीएफच्या आजच्या 7.1 टक्क्यांनी तीस वर्षे पडून राहिले तर साडेतीन लाखांच्या घरात जातील आणि त्याचे व्याजच महिना दोन हजार होईल. मान्य. फक्त ‘पडून राहिले तर’ या तीन शब्दांत बेकारीचे चार महिने, बापाचे आजारपण आणि दुचाकीचा हप्ता मावत नाही. शिवाय सेवेत असताना माणूस गेला तर विधवेला ईपीएसमधून मिळणारे पेन्शन पीपीएफच्या तक्त्यात कुठेच येत नाही. तरीही तक्तेवाल्यांच्या गणितातून जे निघते ते ईपीएसच्या बाजूचे नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्या पेन्शनला महागाईची जोड नाही. पस्तीस वर्षांची पेन्शनपात्र सेवा धरली तरी पंधरा हजारांच्या मर्यादेवर ते महिना 7,500 होते आणि तिथेच थिजते.

ज्यांच्या पगारचिठ्ठीच नाही त्यांचे काय? देशाला करमाड हे नाव 8 मे 2020 च्या पहाटे कळले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून पायी घरी निघालेले सोळा मजूर इथल्या रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. ज्या रुळांवरच्या चावीवाल्याला 1957 पासून बारा वेळा विचारले गेले, त्याच रुळांवरची ही माणसे. अशांसाठी आता योजना आहेत: 2015 ची अटल पेन्शन, 2019 ची श्रमयोगी मानधन. अठराव्या वर्षी महिना 210 रुपये भरू लागलेल्याला अटल पेन्शन साठीनंतर 5,000 रुपये देईल. पण 2001 ते 2016 या पंधरा वर्षांत भाव ज्या वेगाने 2.88 पट झाले त्याच वेगाने पुढची बेचाळीस वर्षे गेली, तर त्या पाच हजारांत आजचे अडीचशे-तीनशे रुपयांचे सामान येईल. हमी आकड्याची आहे, किराण्याची नाही.

म्हणून कुठले खाते घेऊ, असे विचारणाऱ्याने व्याजदर पाहण्याआधी एवढे विचारावे की भाव वाढले तर यातली रक्कम कोण वाढवतो, आणि मी गेलो तर ती कुणाकडे जाते. आज बाजारात असलेल्या खात्यांपैकी जुने सरकारी पेन्शन आणि त्याची नवी आवृत्ती सोडली, तर पहिल्या प्रश्नाला उत्तर ‘कोणी नाही’ असेच येते. तेव्हा निवडण्यासारखे फारसे काही नाही, मागण्यासारखे आहे. ईपीएस-95 च्या पेन्शनरांनी बुलढाण्यात साखळी उपोषण मांडले ते यासाठीच. त्यांचे किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये महिना 1,000 रुपये ठरले. त्यानंतर अकरा वर्षे उलटून गेली. ते 1,000 रुपयेच आहे.